दाताळं

त्या वर्षी मी एक दाताळं बनवलं,
अॅल्युमिनियमचं, वजनाला एका पावाएवढं,
दांडा थेट छातीपर्यंत,
गॅलिसियाच्या त्या खाडीत
ओहोटीला तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना
पुन्हा वाकावं लागू नये म्हणून.

वाकणं मोजलं होतं मी.
एका ओहोटीत एक बाई नऊशे वेळा वाकते,
हे वाक्य मी सभागृहात म्हटलं
आणि थोडा थांबलो,
टाळ्यांपुरता.

दोसिंदाने दाताळं हातात घेतलं, तोललं.
"हलकं आहे," म्हणाली.
मी वहीत लिहिलं: हलकं आहे.
कुठल्या सुरात म्हणाली
ते लिहायचं राहून गेलं.

महिन्याने गेलो तर
चिखलात चाळीस पाठी, चाळीसही वाकलेल्या,
हातात तीच जुनी आखूड लाकडी दाताळी.
माझ्यातलं एक अंजिरं पाडायला लागलं होतं,
एकावर घेवडा चढला होता,
आणि एक साबेलाच्या नातवाच्या गोलचा
डावा खांब.

चिडलो नाही, असं मी नंतर सांगत आलो.
चिडलो होतो.
"कंबर दुखते म्हणाला होतात ना?"
"दुखते की."
"मग?"

दोसिंदाने माझं मनगट धरलं
आणि हात कोपरापर्यंत चिखलात घातला.
"डोळे राहू देत. अंगठ्याने बघ."
अंगठ्याखाली काहीतरी गोल, खरबरीत.
"ही?"
"घे."
"ही?"
"लहान आहे. फेकू नकोस. होती तशी झोपव."
मग म्हणाली,
"तुझ्या दाताळ्याला हात लांब आहेत,
अंगठा नाही.
ते पुढच्या वर्षाचंही आजच ओरबाडतं."

दोन तास मी वाकलेला होतो.
मग लघवीला लागली, खडकामागे जाऊन आलो,
तर बायका हसत होत्या.
"किती वेळ लागला?" साबेलाने विचारलं.
"असेल एक मिनिट."
"आम्हाला पाच तास."

छातीपर्यंत रबरी विजार, खांद्यावर पट्टे,
वर दोन स्वेटर, वर रेनकोट.
हे सगळं त्या वाऱ्यात उतरवायचं कुठे,
आणि कोणासमोर?
आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत त्या.
कमरेपर्यंत पाण्यात उभ्या, आणि घसा कोरडा.
दोघींना मुतखडा. एकीची एक किडनी गेलेली.

माझ्या प्रश्नावलीत त्रेचाळीस प्रश्न होते.
कंबरेचे अकरा.
तहानेचा एकही नाही.

"सांगायचं तरी होतंत."
"कोणाला?" साबेला म्हणाली.
"तू विचारायला आलास तेव्हा
उत्तर गाडीच्या टपावर बांधून आणलं होतंस."

पुढचं काम एरुंदिनाने केलं,
जी पूर्वी होड्यांची शिडं शिवायची.
तिने विजार उलटी केली, खडूने एक रेघ मारली
आणि कात्री चालवली.
मी पाणबुड्यांच्या पोशाखाची चेन शोधून आणली,
टॉर्च धरला,
आणि मापं घेताना
खोलीबाहेर उभा राहिलो.
माझ्या सगळ्या कारकिर्दीत
इतकं उपयोगी मी क्वचितच उभा राहिलो असेन.

दाताळ्याला बक्षीस मिळालं.
शहरात एका काचेच्या कपाटात आहे,
खालून दिवा सोडलाय.
चेनचं कोणी काही लिहिलं नाही.
लिहिणार तरी काय,
की चाळीस बायका आता सकाळी कॉफी पितात?

काल रात्री दोसिंदाचा फोन आला.
"तुझी चेन अडली. मीठ बसलंय."
चालते तेव्हा ती एरुंदिनाची असते,
अडली की माझी.

ओहोटी पाच चाळीसला होती.
मेणाची वडी खिशात टाकली,
जुना टूथब्रश घेतला
आणि निघालो.